यंदा किती किलोचे?

सांगलीला नांदायला आल्यापासून कृष्णेचे पाणी आमच्या घरात दोनदा शिरले. एकदा २००५ साली आणि दुसऱ्यांदा २०१९ च्या ऑगस्टमध्ये. पहिल्या वेळी धान्य गेले, गाद्या गेल्या, आणि पुढच्या वर्षभरात त्यांची भरपाईही झाली. दुसऱ्या वेळी वस्तू हलवायला वेळ मिळाला होता. फ्रीज वर गेला, देव वर गेले, पाटा-वरवंटासुद्धा कोणीतरी हौसेने वर नेला. खाटेखालची पत्र्याची ट्रंक मात्र कोणाच्याच लक्षात आली नाही. माझ्याही नाही, हे आधीच कबूल करते.

गावभागात राहणाऱ्यांना पुरानंतरचा तो वास सांगायला नको. आठवड्याने दार उघडले, चिखल उपसला, आणि मग ती ट्रंक सापडली. तिच्यात पोस्टकार्डे होती. दोन मैत्रिणींची, पंचेचाळीस वर्षांची. एवढी जपून का ठेवलीस, असे मुलाने विचारले. खरे सांगायचे तर जपून ठेवली नव्हती. ती बंबात घालायची होती. पण बंब गेला आणि गीझर आला, त्यामुळे कार्डे वाचली.

शाईने लिहिलेली बरीचशी धुऊन गेली होती. नुसते निळे डाग. मधल्या गठ्ठ्याला पाणी कमी लागले होते आणि बॉलपेनची अक्षरे जवळजवळ सगळी शाबूत होती. ही वाळवायची कशी? सुनेने गच्चीवर उन्हात टाकायची तयारी केली, तिला मी थांबवले. उडदाचा पापड उन्हात टाकला की चिरतो, कडा वर येतात. तो सावलीत, वाऱ्यावर वाळवावा लागतो आणि मधून मधून उलटावा लागतो. कार्डांनाही तोच न्याय लावला. माडीवर जुनी लुगडी अंथरली, पंखा लावला आणि दोन दिवस मी गुडघे धरून कार्डे उलटीत बसले. एक बाजू पत्त्याची, एक मजकुराची. उलटता उलटता वाचणे झाले. आयुष्यात प्रथमच ती सगळी एका ओळीने वाचली. एरवी महिन्याला एक यायचे, चुलीवर काहीतरी असायचे, उभ्या उभ्या वाचून मी ते खिडकीच्या गजात खोचून ठेवीत असे.

आता थोडे मागचे सांगते.

आम्ही तिघी शहापूरच्या. बेळगावचे शहापूर. आज ते बेळगावात इतके मिसळून गेले आहे की वेगळे दाखवता येत नाही, पण आमच्या जन्माच्या वेळी रस्त्याच्या पल्याड इंग्रजांचा मुलूख होता आणि अल्याड सांगली संस्थान. १९४८ साली संस्थान विलीन झाले तरी मोठ्या माणसांच्या बोलण्यातून सांगली गेली नाही. चिंतामणरावांच्या नावाची शाळा तिथे आहेच. माझे लग्न ठरले तेव्हा मी रडू लागले, तर आई म्हणाली, "परगावी कुठे चाललीस? आपल्याच संस्थानात चाललीस की!" तोपर्यंत संस्थान जाऊन अठरा वर्षे झाली होती, आणि मधे १९५६ च्या १ नोव्हेंबरला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात जाऊन बसले होते. आईच्या नकाशाला त्याचा पत्ता नव्हता.

१९६६ सालच्या एकाच लग्नसराईत आम्ही तिघी उजवलो. एक निपाणीला पडली, तंबाखूच्या वखारीच्या घरात. मी सांगलीला. आणि तिसरी शहापुरातच राहिली. तिची फक्त गल्ली बदलली. नावे मुद्दामच देत नाही. निपाणीची अजून आहे आणि तिला वर्तमानपत्रात येणे आवडायचे नाही. आम्ही एकमेकींना गावावरूनच हाक मारीत असू, तीच इथे चालू द्या: शहापूरकरीण, निपाणकरीण आणि सांगलीकरीण.

निघताना करार झाला, महिन्याला एक कार्ड. दिवस ठरला संकष्टीचा. त्यात व्यवहार होता. संकष्टीला जेवण चंद्रोदयानंतर, म्हणजे दुपारी चूल मोकळी. सुनेला हातात पेन घेऊन बसायला सवड मिळावी असा महिन्यातला हा एकच दिवस. आणि कार्डच का, पाकीट का नाही? एक तर पैसे. दुसरे असे की पाकीट आले की घरात प्रश्न उभा राहायचा, एवढे झाकून काय लिहिले आहे? कार्ड उघडे. ते सासूबाई वाचणार, नणंद वाचणार, पोस्टमन तर वाचणारच. शहापूरचा पोस्टमन कानडी बोलणारा, पण मराठी अक्षर त्याला चांगले लागे. कार्ड हातात देण्याआधीच तो ओसरीवरून सांगायचा, "सांगलीच्या बाईंना मुलगा झालाय, वजन चांगलं आहे." माझ्या थोरल्याची बातमी शहापूरकरणीला अशी कळली.

तर अशा उघड्या कार्डावर काय लिहिणार? वर 'श्री', मग सप्रेम नमस्कार, इकडील क्षेम, आणि मग घर. मिरची कोणती आणली. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, आणि यंदा संकेश्वरीचा भाव काय. धाकट्याचे दात. दिराची बदली. लोणच्याला बुरशी आली. पावसाने भिंत फुगली. गौरीला कोणते लुगडे नेसवले. शेवटी मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि कडेच्या रिकाम्या जागेत, कार्ड आडवे धरून, ता. क. माझे पती हसत. म्हणत, "तुम्हा तिघींची सगळी पत्रे एकत्र केली तर एक उत्तम किराणा यादी होईल." मीही हसत असे. आज वाटते, तेव्हा हसायला नको होते.

साहित्यिकांच्या पत्रांची पुस्तके होतात. धारवाडला राहिलेल्या जी. ए. कुलकर्ण्यांच्या निवडक पत्रांचे चार खंड आहेत. सुनीताबाई देशपांडे यांनी त्यांना लिहिलेल्या पत्रांचे 'प्रिय जी. ए.' हे पुस्तक आहे. ती मी वाचनालयातून आणून वाचली आहेत आणि पुन्हाही वाचीन. पण किराणा यादीची पुस्तके कोणी काढीत नाही. ती पुरात भिजतात तेव्हाच नीट वाचली जातात.

मार्च महिन्याची कार्डे उलटताना मला ते पहिल्यांदा दिसले. शहापूरकरणीच्या दर मार्चच्या कार्डात एक ओळ ठरलेली होती: यंदा इतक्याचे पापड केले.

बेळगाव अडीच हजार फुटांवरचे गाव. वळीव तिकडे लवकर आणि जोरात येतो. सांगलीसारखे वैशाखापर्यंत वाळवण लांबवता येत नाही. शिमगा झाला की पाडव्याच्या आत पापड उरकायचे, अशी शहापूरची रीत होती. आमच्या लहानपणी ते काम एका घराचे नसे. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, अशी गल्लीभर पाळी फिरे. आदल्या रात्री पापडखार आणि मीठ पाण्यात उकळून निवळत ठेवायचे. सकाळी त्या निवळीत पीठ भिजवायचे, मिरे-हिंग घालायचे. मग ते दगडासारखे पीठ उखळात तेलाचा हात लावून कुटायचे. दोघी समोरासमोर उभ्या, एकीचे मुसळ वर तेव्हा दुसरीचे खाली. पीठ ताणले की तार निघाली पाहिजे. मग त्याची लांब सुरळी करायची, पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून सपासप लाट्या कापायच्या. आम्ही मुली त्या लाट्या तेलात बुडवून खायला टपलेल्या असू. दुपारी जेवणे आटोपली की बायका आपापले पोळपाट आणि रेषांचे लाटणे पदराखाली घेऊन येत. मजुरी नाही. चहा, चार लाट्या, आणि जाताना हातावर पाच-सहा पापड.

आणि बोलणे. पुरुषमाणूस आसपास नाही, हात गुंतलेले, मान खाली. मान खाली असली की बोलायला सोपे जाते, हे मला तेव्हा कळत नव्हते. कोणाच्या मुलीला सासरी त्रास आहे, कोणाचा नवरा महिना झाला घरी आलेला नाही, कोणाला सहावे राहिले आहे आणि नको आहे, हे सारे लाटण्याच्या आवाजाखाली सांगितले जाई. कोणी "अरेरे" करीत नसे. फार तर शेजारची तिच्या पुढ्यातल्या चार लाट्या उचलून स्वतःच्या पोळपाटाशी घेई. त्यापूर्वीच्या पिढीत हेच काम जात्याने केले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतही भाऊ, माहेर, सासू, लेक हेच सगळे आहे. गिरण्या आल्या आणि जाते गेले. आम्हाला उरले ते पापड.

तेव्हा पापडाचा आकडा हा काही साधा आकडा नव्हे, हे मला कळायला हवे होते. मी तीच पाळी खाऊन मोठी झालेली.

आता तिचे आकडे सांगते. १९६८ ला पाच शेर, "आमच्याकडे अजून शेरच चालतो" या शेऱ्यासह. १९७४ ला सात किलो, नणंदेचे लग्न होते, रुखवतात पापडांची चळत हवी. त्यानंतर बरीच वर्षे पाचाच्या आसपास. १९८७ ला चार: सासूबाई गेल्या, कुटायला दुसरे मुसळ उरले नाही. १९९३ ला दोन: थोरला पुण्याला नोकरीला लागला, "तिकडे मेसमध्ये जेवतो, पापड नको म्हणतो." १९९९ ला एक: धाकटाही गेला. मग बरेच वर्षे एक, एक, एक. २००९ च्या कार्डावर अर्धा. "दोघांना काय लागतात?" आणि २०११ च्या मार्चचे कार्ड असे: "यंदा पापड केले नाहीत. बाकी ठीक. इकडे उन्हाळा फार आहे. तुझ्या नातीच्या बारशाला येणे जमणार नाही. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद."

तिचे यजमान त्याच्या आधीच्या दिवाळीत गेले होते. मी जाऊन आले होते, गळ्यात पडून रडूनही आले होते. पण मार्चमध्ये त्या कार्डाला मी काय उत्तर पाठवले ते मला चांगले आठवते. सुनेने नवे यंत्र आणले आहे, त्यात पीठ कसे मऊ मळले जाते, आम्ही तीन किलोचे केले, तुला पाठवू का? असे लिहिले मी. ती अर्ध्यावरून शून्यावर आली होती आणि मी तिला यंत्राचे कौतुक सांगत होते. त्यानंतरची तिची कार्डे आखूड होत गेली आणि पुढच्या वर्षी थांबली. मी समजले की आता फोन आहे, कार्ड कशाला. फोन होताच. पण तिचा फोन धाकट्याच्या घरच्या दिवाणखान्यात. धाकटा परतला होता, सून नोकरी करणारी, चांगली मुलगी. तरी दिवाणखान्यातल्या फोनवर माणूस "बरं आहे" यापलीकडे काय बोलणार? कार्ड उघडे होते खरे, पण ते लिहिताना तरी ती एकटी असे.

निपाणकरणीची तऱ्हा वेगळी. ती मुळातच हिशेबी घरातली. तिच्या कार्डात भाकऱ्या असत. निपाणीच्या घराच्या मागच्या सोप्यात विडी वळणाऱ्या बायका बसत. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पाने, तंबाखू, कात्री आणि दोऱ्याचे रीळ. त्यांचे हात आणि तोंड दोन्ही थांबत नसत. मी गेले की आधी अर्धा तास नुसती शिंकत असे आणि त्या हसत. त्यांची दुखणीखुपणी निपाणकरणीच्या कार्डातून मला कळायची.

१९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये निपाणीला तंबाखू उत्पादक शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले. शरद जोशींचे ते आंदोलन अनेकांना आठवत असेल. मागणी तंबाखूच्या रास्त भावाची. सुमारे तीन आठवडे रस्ता बंद होता आणि ६ एप्रिलला गोळीबार होऊन शेतकरी मारले गेले. आसपासच्या गावांतून रोज रस्त्यावर भाकऱ्या येत. आता निपाणकरणीचे घर कोणत्या बाजूचे हे सांगायला नको, वखारीचे, भाव पाडणाऱ्यांतले. तिचे त्या महिन्याचे कार्ड ट्रंकेत सापडले. घरच्या सगळ्या बातम्यांनंतर शेवटी, आडव्या ओळीत: "ता. क. यंदा जोंधळ्याचे पीठ जास्तच दळले गेले. घरात खपेना. शेजारच्या काकूंकडे रोज दोन पायल्या पोचवते, त्यांच्याकडे माणसे पुष्कळ जेवतात."

१९८१ मध्ये मी हे वाचून एवढेच म्हटले असेन की काकूंकडे काही कार्य दिसते. २०१९ मध्ये ते ओले कार्ड हातात धरून मी निपाणीला फोन लावला. "अगं, ते पीठ...?" पलीकडून थोडा वेळ आवाज नाही. मग म्हणाली, "अडतीस वर्षांनी विचारतेस होय? काकूंचा मुलगा रस्त्यावर होता. यांना शेवटपर्यंत कळलं नाही. सासऱ्यांना कळलं असावं. पण ते काही बोलले नाहीत, पुढल्या वेळेला जोंधळे जास्त आणले."

सीमाप्रश्नाची गंमत आम्हीही केली, नाही असे नाही. १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला. त्यात निपाणी महाराष्ट्राला द्यावी आणि बेळगाव म्हैसुरातच ठेवावे अशी शिफारस होती. महाराष्ट्राने तो नाकारला. त्या महिन्यात शहापूरकरणीने निपाणीला लिहिले होते, "तू आता आमची राहिली नाहीस, सांगलीकरणीची झालीस. माझी परात तेवढी परत पाठव." परात शेवटपर्यंत परत गेली नाही. निपाणी आणि बेळगाव दोन्ही आहेत तिथेच राहिली. पुढे म्हैसूरचे कर्नाटक झाले, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, २०१४ मध्ये बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले. निपाणीचे देवचंद कॉलेज तर अर्जुननगरला, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या हद्दीत. निपाणकरणीची मुले घरातून चालत परराज्यात शिकायला जात आणि दुपारी जेवायला परत येत.

पण गंमत नेहमीच नव्हती. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात बेळगावात गोळीबार झाला, माणसे गेली. आमच्याकडे वर्तमानपत्रे रकाने भरभरून छापीत होती आणि मी कार्डाची वाट पाहत होते. कार्ड आले: "दोन दिवस दूध आले नाही. कोरा चहा पिऊन सगळ्यांची डोकी दुखतात. थोरला घरातच आहे, त्याला तांदूळ निवडायला बसवले आहे. काळजी नसावी." सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला आईने तांदूळ निवडायला बसवले आहे! हे मात्र मला त्याही वेळी कळले होते. मी ते कार्ड पतींना वाचून दाखवले. किराणा यादीचा विनोद त्यांनी पुन्हा केला नाही.

सगळी कार्डे वाळली, दिवाळी झाली, आणि डिसेंबरात मी बेळगावला गेले. मिरजेहून गाडीने. कुडची-रायबाग-घटप्रभा ही स्टेशने मला पाठ आहेत. शहापूरकरीण जिन्याशी उभी होती. बारीक झाली होती. कुंदा पुढे केला, स्वतः खाल्ला नाही. मग मी पिशवीतून कार्डांचा गठ्ठा काढला आणि तिच्या मार्च महिन्यांची चळत तिच्यापुढे लावली. पाच शेर, सात, पाच, चार, दोन, एक, अर्धा, नाही. मला वाटले होते ती रडेल किंवा मला जवळ घेईल. म्हटले, "हे मुद्दाम लिहीत होतीस? मला कळावं म्हणून?"

ती म्हणाली, "मुद्दाम काय की! जेवढे केले तेवढे लिहिले. तू वाचलं नाहीस त्याला मी काय करू?"

मग थोड्या वेळाने, सुपारी कातरता कातरता, मान खाली घालून तिने पुष्कळ सांगितले. ते इथे लिहायचे नाही. एवढेच लिहिते की त्यात एकही गोष्ट अशी नव्हती जी कार्डात कुठे ना कुठे आलेली नव्हती.

तिथेच बेत ठरला. येत्या पाडव्याच्या आधी तिघींनी शहापुरात जमायचे आणि पापड करायचे. यंत्र नाही. उखळ तिच्या माळ्यावर होते. निपाणकरीण फोनवरून म्हणाली, मुसळ मी मारणार नाही, माझा खांदा गेलाय, पण लाट्या कापीन. किती किलोचे, यावर वाद झाला. शेवटी दोन किलो ठरले.

२०२० चा पाडवा २५ मार्चला होता. वाचकांना तो दिवस वेगळा सांगायला नको. आदल्या रात्री देश बंद झाला. माझी पिशवी भरलेली होती, तिच्यात माझे रेषांचे लाटणे होते. आता काय? पाडव्याच्या सकाळी निपाणकरणीच्या नातवाने तिघींचे फोन एकत्र जोडून दिले. तिघींनी आपापल्या घरी अर्धा-अर्धा किलो भिजवले. फोन मी हिंगाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. सगळा वेळ आमचे बोलणे असे:

"काय करूलालीस?"

"लाटूलालोय की."

आमच्याकडे बायकाही 'आलो, गेलो' म्हणतात. सांगलीच्या सासूबाईंनी माझी ही सवय पहिल्या वर्षात मोडली होती. त्या सकाळी ती परत आली आणि अजून गेलेली नाही. सून हसते.

शहापूरकरीण २०२१ च्या एप्रिलमध्ये गेली. करोनाने नव्हे, झोपेत, हृदयाने. फोन पहाटे आला. त्या दिवसांत कर्नाटकात शिरायला तपासणीचा दाखला लागत होता. कोगनोळीच्या नाक्यावर गाड्या परत फिरवीत होते, म्हैसाळ-कागवाडकडेही तेच. दाखला मिळायला निदान एक दिवस. तोवर कोण थांबणार? १९५६ पासून ज्या सीमेची आम्ही थट्टा केली, पीठ-पापड-परातीच्या गप्पांत जिला कधी जागा दिली नाही, तिने मला त्या एका दिवशी अडवले. निपाणकरीण मात्र त्याच राज्यातली. ती गेली. संध्याकाळी तिने मला फोन करून सगळे सांगितले: कोणते लुगडे नेसवले, कोण कोण आले, किती वाजता उचलले, सुनेने स्वयंपाकघर कसे आवरून ठेवले होते. आणि म्हणाली, "फडताळात पापडाचा डबा होता. गेल्या महिन्यात केलेले. मोजले मी. एकशे बारा."

म्हणजे एक किलोचे. मी लगेच हिशेब केला.

आता आम्ही दोघी महिन्याच्या संकष्टीला एकमेकींना कार्ड टाकतो. कार्ड अजून पन्नास पैशांना मिळते, मात्र पोस्टातल्या मुलीला ते शोधावे लागते. निपाणकरणीच्या हाताला कंप आहे, तिची अक्षरे लावताना मला भिंग घ्यावे लागते. परवाच्या कार्डात तिने विडीवाल्या बायकांपैकी एकीच्या मुलीने दुकान टाकल्याचे लिहिले आहे, खांद्याला कोणते तेल लावते ते लिहिले आहे, आणि आडव्या ओळीत, "भाकरी आता सून करते. मी फक्त पीठ चाळते." ही ओळ मी चार वेळा वाचली. उद्या सकाळी फोन करणार आहे.

आणि या मार्चमध्ये एका दुपारी शहापूरहून फोन आला. शहापूरकरणीची सून. आवाज थोडा चाचरत होता. "मावशी, आईंचं उखळ माळ्यावरून काढलंय. शेजारच्या दोघी येणार आहेत. पण पापडखाराची निवळी किती वेळ ठेवायची ते कुठे लिहिलेलं नाही."

"रात्रभर ठेव," मी म्हटले. "सकाळी वरचं पाणी हलक्या हाताने गाळून घे, गाळ ढवळू नकोस. किती किलोचे करतेस?"

"एकाचेच. जमतात का बघते आधी."

"बरं," मी म्हटले. "झाले की मला कळव, किती झाले ते."